शेपटीखालची जागा

पॉलिशवाल्यांना वास येत नसे. जन्मापासून नव्हे, उमेदीची सगळी वर्षं लाकडी सामानाला पॉलिश करत स्पिरिट, थिनर आणि लाखेच्या वाफेत गेली, आणि नाकाने मधेच केव्हातरी न सांगता राजीनामा दिला. एकदा दूध करपल्याचं बायकोने बाहेरच्या खोलीतून ओरडून सांगितलं, आणि हे त्याच पातेल्यासमोर चहाची वाट बघत उभे होते, तेव्हा दोघांना उलगडा झाला. त्या दिवसापासून घराचं नाक ती झाली. गॅस, दूध, दमट राहिलेले टॉवेल, सगळं खातं तिच्याकडे गेलं, आणि ह्यांनी ते इतक्या आनंदाने सोपवलं की पुन्हा कधी त्या बाजूला फिरकले नाहीत.

कुत्राही तिच्याच खात्यातला. बुलडॉग, पांढरा आणि तपकिरी, रुंद छातीचा, चपट्या तोंडाचा, झोपला की घोरण्याने दार हलवणारा. नाव मात्र पॉलिशवाल्यांनी ठेवलं होतं. तो पहिल्यांदा घरात आला तेव्हा त्यांनी त्याला खालून वर नीट न्याहाळलं आणि सुताराने रंधा न मारता टाकून दिलेला ठोकळा दिसतोय, असं जाहीर केलं. बायको चिडली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता बुलडॉगची शेपटी म्हणजे शेपटीच्या नावाने केलेली थट्टा असते. लाकडात स्क्रू जावा तशी ती वळत वळत मागच्या मांसात घुसलेली असते. वरून दिसतं ते एक गाठोडं, आणि त्याच्या खाली असतो खळगा. त्या खळग्यात ओल राहते, मळ साठतो, वारा लागत नाही. आणि ह्या प्राण्याची मान अशी आखूड आणि अंग असं जाड की स्वतःची शेपटी त्याला उभ्या जन्मात दिसत नाही, चाटणं तर लांबच. म्हणजे ती जागा दुसऱ्या कुणीतरी पुसायची, कोरडी करायची, मलम लावायचं, आणि हे आठवण आली की नव्हे, नेमाने करायचं. बायकोला हे सगळं ठाऊक होतं. पॉलिशवाल्यांना ह्यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं.

सकाळचा चहा झाला की ती ठोकळ्याला घेऊन बाथरूममध्ये जायची आणि दार लावून घ्यायची. आतून तिचं बोलणं ऐकू यायचं, झालं हं, आता कोरडं करूया, शहाणा माझा, असलं काहीतरी. बाहेर हे टॉवेल खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालायचे आणि ह्या घरात माणसाला आंघोळीसाठी कुत्र्याच्या मागे नंबर लावावा लागतो, अशी तक्रार करायचे. मागच्या थंडीत एकदा तिने दार उघडून त्यांना आत बोलावलं होतं.

"अहो, जरा इकडे या. हे कसं करतात ते एकदा बघून ठेवा."

"तुमचा खाजगी मामला आहे तो," पॉलिशवाले म्हणाले. "मला कशाला त्यात ओढतेस?"

"मी नसले कधी तर?"

"तू कुठे चाललीस?" असं म्हणून ते हसत हसत वर्तमानपत्राकडे वळले होते.

ती उन्हाळ्याच्या तोंडाशी गेली. दुपारी जेवून जरा पडते म्हणाली, आणि उठलीच नाही. आजारपण नाही, दवाखाना नाही, निरोपाचा एक शब्द नाही. माणसं आली, सगळं रीतसर पार पडलं, आणि ह्या सगळ्यात पॉलिशवाल्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोकांनी ते पाहिलं. ते स्वतःही वाट बघत होते, आता येईल रडू, रात्री येईल, सगळे गेल्यावर येईल. पण छातीत कुणीतरी पाचर मारून ठेवल्यासारखं झालं होतं, आणि ती हलायला तयार नव्हती. आपलं हिच्यावर प्रेमच नव्हतं की काय, अशी भलती शंकाही त्यांना एकदा चाटून गेली.

आणि मग ठोकळा दुःख करू लागला.

आधी त्याने अर्धं खाऊन भांडं सोडायला सुरुवात केली. मग बाथरूमच्या दाराशी जाऊन बसायला लागला. बसायचा, लगेच उठायचा, गोल फिरायचा, पुन्हा बसायचा, आणि दाराकडे तोंड करून बारीक आवाजात कण्हायचा. तिच्या पलंगाशेजारी एक जुना गालिचा होता, त्यावर जाऊन तो मागचा भाग घासत घासत सरकायचा. सोफ्यावर चढणं त्याने सोडलं. कुणी आलं की सगळं अंग वळवळवत धावायचा, तेही थांबलं. ज्या कुत्र्याच्या घोरण्याने घर हलायचं, तो रात्रभर जागा राहू लागला.

शेजारच्या निवृत्त मास्तरांनी हे पाहिलं आणि मान हलवली. मुक्या जनावराला सगळं कळतं, म्हणाले. वाट बघतोय तिची. पॉलिशवाल्यांना हे इतकं पटलं की जणू तेच मनात होतं, फक्त मास्तरांनी शब्द दिले. त्या दिवसापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते बाथरूमच्या दाराकडे बोट करून दाखवू लागले. बघा, तिथून हलत नाही. खात नाही. तिच्या गालिच्यावर अंग घासून तिचा वास लावून घेतो. ज्या माणसाला स्वतःला कसलाच वास येत नाही, तो हे सांगत होता, आणि ऐकणारे डोळे पुसत होते.

खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. जे आपल्याला जमत नाही ते हा करतोय, आपल्या वाटचंही करतोय, असं त्यांना वाटे. संध्याकाळी ते ठोकळ्याच्या शेजारी फरशीवर बसत आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत. फक्त डोक्यावरून. तो थरथरला की म्हणत, रडून घे बाबा, दोघांचं मिळून रडून घे. ठोकळा त्यांच्या हाताखाली मान घालायचा आणि एकदा त्यांच्याकडे, एकदा बंद दाराकडे बघायचा. ह्यापेक्षा स्पष्ट एखादा कुत्रा काय सांगणार? पण ह्यांनी त्यातून ऐकायचं तेच ऐकलं.

दरम्यान भेटायला येणारी माणसं लवकर उठू लागली होती. चहा अर्धा ठेवून कुणाला काम आठवे, कुणी बोलता बोलता खिडकी उघडे, कुणी रुमाल नाकाशी धरे, आणि पॉलिशवाल्यांना वाटे की त्यांना हुंदका आवरत नाही. घरात कसला तरी वास मारत होता हे येणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. पण बायको गेलेल्या माणसाला, तुमच्या घरात घाण वास येतो हो, असं कोण सांगणार? बाई गेली, घर कोण बघणार, असं म्हणून सगळ्यांनी समजून घेतलं. सगळी भली माणसं. त्यांच्या भलेपणात ठोकळ्याचे दिवस जात होते.

बायकोची धाकटी बहीण मात्र त्या मानाने फारशी भली नव्हती. बहीण गेली तेव्हा तिचा पाय प्लास्टरमध्ये होता, दूरच्या गावी, येता आलं नाही. प्लास्टर निघाल्यावर ती काठी टेकत आली. दारातच पॉलिशवाल्यांना धरून ओक्साबोक्शी रडली, त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. मग ती आत आली, तिचं पाऊल थांबलं आणि रडणं तसंच अर्धवट राहिलं.

"भावोजी, काय कुजलंय घरात?"

पॉलिशवाले दुखावले. ताई गेलेल्या घरात पहिल्याच पावलाला हे विचारतं का कुणी? त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. पण ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. काठी टेकत तिने स्वयंपाकघर पाहिलं, सिंकखाली वाकून पाहिलं, फ्रीज उघडून पाहिला. मग वासाचा माग काढत ती बाथरूमच्या दाराशी गेली. पॉलिशवाले मागे मागे. तिथे ठोकळा होता, आणि त्यांनी तिलाही तीच हकिगत सांगायला सुरुवात केली, की तिथून हलत नाही, तिची वाट...

धाकटी खाली बसली, एक हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने ते शेपटीचं गाठोडं वर उचललं.

ठोकळा किंचाळला. त्या घरात असा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. आयुष्यात कुणावर दात न विचकलेल्या त्या कुत्र्याने मान वळवून तिच्या मनगटाकडे झेप घेतली, पण ती आखूड मान तिथवर पोचली नाही, आणि तो तसाच हवेत तोंड उघडून राहिला. धाकटीने हात सोडला नाही. तिने पॉलिशवाल्यांना खाली वाकायला सांगितलं.

ते वाकले. शेपटीखालचा खळगा त्यांनी पहिल्यांदा पाहिला. कातडी अशी नव्हतीच. लाल, ओलं, सुजलेलं मांस होतं, कडेने केस चिकटून गेलेले, आणि तळाशी एक भोक, त्यातून पिवळं काहीतरी हळूहळू येत होतं. घासून घासून आजूबाजूचीही सालटं निघाली होती. वास त्यांना अजूनही येत नव्हता.

"ताई रोज पुसायची हे," धाकटी म्हणाली. "तुम्ही पुसत नव्हता?"

रोज कुणीतरी काहीतरी पुसायचं असतं, हेच त्यांना आत्ता कळत होतं.

गुरांची आणि कुत्र्यांची डॉक्टर तरुण होती, पण बोलण्यात घाई नव्हती. तिने ठोकळ्याच्या तोंडाला मऊ पट्टी बांधली, गुंगीचं थोडं औषध दिलं आणि मग जागा धुतली, हाताने चाचपली, एक्स-रेचा फोटो काढला. फोटोत शेपटीचं हाड गोगलगायीसारखं आत वळलेलं दिसत होतं. जंतू कातडीवरून खाली उतरले आहेत, तिने सांगितलं. रोज साफ केली असती तर ही शेपटी आयुष्यभर त्रास न देता राहिली असती. आता मलमाने भागणार नाही, शेपटी मुळापासून काढावी लागेल. आधी औषधं देऊन पू कमी करायचा, मग ऑपरेशन. आणि एक गोष्ट आधीच सांगते, म्हणाली. ह्या जातीचं नाक असं चपटं, घशात मांस जास्त. भूल दिल्यावर कापण्यात धोका नसतो, उठण्यात असतो. काही जण उठत नाहीत.

पॉलिशवाल्यांनी मान डोलावली. मग तिने विचारलं, की हे कधीपासून आहे, जेवण कधी सुटलं, बसणं कधीपासून टाळतोय.

"बायको गेल्यापासून," ते म्हणाले. "पण ते ह्यामुळे नाही. दुःख करतोय तो. तिची वाट बघत बसतो."

धाकटीने नजर खाली वळवली.

"काका, त्याला दुखत होतं," डॉक्टर म्हणाली.

"हो, पण थोडं तरी..." त्यांना पुढचं नीट विचारता येईना. "थोडं तरी तिच्यासाठी असेल ना?"

"असेलही. पण एवढं दुखत असताना दुसरं काही सुचत नाही कुणाला."

घरी येताना पॉलिशवाले गाडीत मागे बसले, ठोकळ्याचं डोकं मांडीवर घेऊन. आता सगळं उलटं फिरून त्यांच्यासमोर येऊ लागलं. तो बाथरूमच्या दाराशी का बसायचा? कारण बरं वाटायची जागा ती होती. त्या दाराआड गेलं की कुणीतरी थंड ओलं कापड लावतं, कोरडं करतं आणि आग थांबते, एवढं त्याला ठाऊक होतं. तो रोज दाराशी जाऊन तेच मागत होता. आणि आपण काय केलं? त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि येईल त्याला तो देखावा दाखवला. त्याच्या यातनांवर आपली भूक भागवली. असा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःची इतकी किळस वाटली, की ती किळस लपवायला त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

ऑपरेशनपर्यंतचे दिवस त्यांनी धाकटीला त्या जागेला हात लावू दिला नाही. डॉक्टरने दिलेलं औषध कोमट पाण्यात घालायचं, मऊ सुती कापड बोटाला गुंडाळायचं आणि कडेकडेने आत जायचं. खुर्चीच्या कोरीव नक्षीत, जिथे ब्रश पोचत नाही तिथे पॉलिश पोचवायला त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. कापड बोटाला कसं गुंडाळायचं, दाब कुठे द्यायचा, कुठे नुसतं टेकवायचं, हे त्यांच्या बोटांना शिकवावं लागलं नाही. पहिल्या दिवशी ठोकळा ओरडला. नंतर नुसता कण्हला. नंतर त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. हे काम आपल्या हाताला किती सहज येतं, हे कळून त्यांचा जीव आणखीच कासावीस होई. एवढंच होतं. रोज एवढंच करायचं होतं. ती दार उघडून सांगत होती, आणि आपल्याला वर्तमानपत्र वाचायचं होतं.

एका सकाळी ते ठोकळ्याच्या कानाशी बोलले. धाकटी दाराआडून ऐकत होती, म्हणून ते बोलणं कळलं. ते म्हणाले, "तू ऊठ बाबा. तिचं काहीही कर, आठवण काढ नाहीतर नको काढू. पण ऊठ."

ऑपरेशनच्या दिवशी दोघं दवाखान्याच्या बाकावर बसून होते. धाकटी मधेच उठून पाणी पिऊन येई. पॉलिशवाले बसले ते बसलेच. शेवटी डॉक्टर बाहेर आली आणि म्हणाली की शेपटी निघाली, जागा स्वच्छ शिवली आहे, पण घशातली श्वासाची नळी अजून काढलेली नाही. तो स्वतः ती चावायला लागेपर्यंत काढायची नाही. आत येऊन बसा हवं तर. ते आत गेले. ठोकळा कुशीवर पडून होता, जीभ एका बाजूला, पोट संथ हलत होतं. पॉलिशवाल्यांनी त्याचा पुढचा पंजा हातात घेतला आणि त्या नळीकडे बघत राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग जबडा एकदा हलला. पुन्हा हलला. मग ठोकळ्याने ती नळी अशी काही चावली, की डॉक्टर हसली, नळी काढली, आणि तो खोकला, फुरफुरला आणि पहिलं काम म्हणून घोरायला लागला. पॉलिशवाल्यांचा जीव भांड्यात पडला. रडू त्यांना तेव्हाही आलं नाही.

घरी आल्यावर गळ्यात प्लास्टिकची मोठी कॉलर, खाली धुतलेली चादर, टाके कोरडे ठेवायचे, बसताना घासू द्यायचं नाही. धाकटीने तो गालिचा धुवायला टाकला. शेजारचे मास्तर बघायला आले. बोलता बोलता त्यांनी कबूल केलं की वास त्यांना कधीचा येत होता, पण अशा वेळी कसं बोलायचं, म्हणून गप्प राहिलो. पॉलिशवाले कुणाला बोलणार? मास्तर नाक असून गप्प राहिले, हे तर डोळे असून बघत नव्हते.

टाके निघाले आणि ठोकळा बदलला. बदलला म्हणजे काय, पहिल्यासारखा झाला. भांडं चाटून पुसून लख्ख करू लागला आणि मग भांड्यासकट स्वयंपाकघरभर सरकू लागला. सोफ्यावर चढला. दारावर कुणी आलं की धावत सुटे. हलवायला शेपटी नव्हती, म्हणून कमरेपासून मागचं सगळंच हलवी. बाथरूमच्या दाराकडे तो ढुंकूनही बघेना. तिच्या खोलीवरून जाताना पाऊल थबकेना. पॉलिशवाले नजर ठेवून होते. कोपऱ्यात उभं राहून, चहाचा कप हातात धरून ते त्याच्याकडे बघत, की आता तरी एकदा थांबेल, एकदा तिच्या पलंगाकडे बघेल. आजार गेला, आता खरं दुःख राहिलं असेल तर ते दिसेल. ते दिसलं नाही.

धाकटीने बाजारातून रबरी चेंडू आणला होता. परत जायच्या आदल्या दिवशी ती सामान भरत होती, आणि ठोकळा चेंडू तोंडात धरून सगळ्या घरात धावत होता, टेबलाखालून, खुर्च्यांमधून, बायकोच्या पलंगाखालून सुद्धा. मग तो बाहेरच्या खोलीत आला आणि चेंडू पॉलिशवाल्यांच्या पायाशी टाकला. मागे सरला. टाक ना, म्हणून बघत राहिला. डोळे चमकत होते, जीभ बाहेर होती, सगळं अंग आनंदाने डुलत होतं. ह्या कुत्र्याच्या जगात कशाचीही उणीव नव्हती.

पॉलिशवाल्यांच्या डोक्यात अचानक संताप उसळला. त्यांनी खाली वाकून त्याचं रुंद तोंड दोन्ही हातांत धरलं.

"अरे, ती गेली," ते म्हणाले. "कळतंय का तुला? ती गेली."

ठोकळ्याने त्यांचं मनगट चाटलं.

मग छातीतली पाचर सुटली. ते खाली फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले, म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसं, तोंड वेडंवाकडं करून, नाक गळत, तिला हाक मारत. इतके दिवस ह्या मुक्या जिवावर टाकलेलं सगळं त्यांच्याकडे परत आलं, आणि ते उचलायला आता घरात दुसरं कुणी नव्हतं. आतल्या खोलीत धाकटीचे हात बॅगेवरच थांबले. ती बाहेर आली नाही.

ठोकळा त्यांच्यासमोर बसला, नीट, सगळा भार मागे टाकून, काही दुखत नसलेला कुत्रा बसतो तसा. थोडा वेळ त्याने वाट पाहिली. चेंडू काही कुणी टाकेना. तेव्हा त्याने तो पुन्हा तोंडात उचलला आणि धाकटीकडे घेऊन गेला.